कॅबचा आयआर काढताना स्वीप प्रीअँपमधून नको

आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) म्हणजे गिटारच्या कॅबचा, म्हणजे स्पीकर कॅबिनेटचा, माइकमधून येणारा टोन टिपणारी छोटी ऑडिओ फाइल. ती काढायला ऑडिओ इंटरफेसच्या लाइन आउटमधून लॉग साइन स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, १०-१५ सेकंद, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट) थेट पॉवर अँपला (स्पीकर चालवणारा शेवटचा टप्पा) द्या. वेगळा पॉवर अँप नसेल तर अँपच्या इफेक्ट्स रिटर्नला, म्हणजे टोन घडवणारा प्रीअँप वगळून थेट पॉवर अँपला जाणाऱ्या सॉकेटला. पुढच्या इनपुटला दिलात तर प्रीअँपचा टोन कायमचा आयआरमध्ये बसतो. ट्यूब अँपही चालतो, पण त्याच्यामुळे स्पीकरच्या रेझोनन्सपाशी बास फुगतो. आयआर वापरताना मॉडेलरमध्ये (अँपची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) पॉवर अँपचं सिम्युलेशन चालू असलं की हा फुगवटा दुप्पट. सॉलिड स्टेट बरा. ट्यूब अँप कॅब जोडल्याशिवाय चालू करू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

एसएम५७ माइक कॅबच्या जाळीपासून बोटभर अंतरावर, डस्ट कॅप (स्पीकरच्या मधली गोल टोपी) जिथे कोनला चिकटते तिथे रोखा. एक सेंटिमीटर सरकला तरी आवाज बदलतो, म्हणून जागेवर टेप लावून खूण करा. रेकॉर्डिंगचं शिखर -१२ डीबीच्या आसपास ठेवा आणि त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर स्वीप फिरून पुन्हा कॅबमध्ये जातो.

डीकन्व्हॉल्व केल्यावर, म्हणजे सॉफ्टवेअरने रेकॉर्डिंगमधून आयआर वेगळा काढल्यावर, मुख्य टोकाच्या आधी बारीक टेकाडं दिसली, तर स्पीकर किंवा अँप डिस्टॉर्ट होतोय. आवाज कमी करून पुन्हा घ्या. सुरुवातीची शांतता कापा, पण दोन माइक मिसळणार असाल तर दोन्ही फाइलींतून अगदी सारखीच, नाहीतर फेज बिघडून आवाज पोकळ होतो. शेपूट २०४८ सॅम्पलला, म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंदांवर, हलक्या फेडने तोडा.