मेश कन्व्हर्ट झाली, पण व्हर्टेक्सचा क्रम शाबूत आहे का?

ट्रायमेश या पायथन लायब्ररीत मेशचा, म्हणजे त्रिकोणांनी बनलेल्या थ्रीडी मॉडेलचा, फॉरमॅट बदलणं दोन ओळींचं काम: लोड करा, एक्स्पोर्ट करा. एरर येत नाही, व्ह्यूअरमध्ये मॉडेल झकास फिरतं. पण डोळ्यांना दिसतो तो पृष्ठभाग. व्हर्टेक्सचा, म्हणजे त्रिकोणांच्या कोपऱ्यांचा, फाइलमधला क्रम दिसत नाही, आणि माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं, म्हणून हे जरा लांबण लावून सांगतोय.

साधा ठोकळा घ्या. ओबीजे फॉरमॅटमध्ये 8 व्हर्टेक्स, 12 त्रिकोण. एसटीएल फॉरमॅटमध्ये त्रिकोणांना कोपरे वाटून घ्यायची सोयच नाही. प्रत्येक त्रिकोण आपले तीन कोपरे स्वतः लिहितो, म्हणजे 36. बायनरी फाइलचा आकार बघा: सुरुवातीचे 84 बाइट आणि दर त्रिकोणाला 50, एकूण 684. हीच फाइल परत वाचताना ट्रायमेश एका जागेवरचे व्हर्टेक्स आपणहून जोडतो आणि पुन्हा 8 होतात. लगेच खूश होऊ नका! आधीचा पाचवा आता पाचवाच असेल याची काही हमी नाही. वेगळ्या सीएसव्हीत दर व्हर्टेक्सचं तापमान ठेवलं असेल, तर अ‍ॅरेची लांबी बरोबर जुळते आणि रंग भलतीकडेच चढतात. एसएमपीएलसारख्या 6890 व्हर्टेक्सच्या शरीराच्या मॉडेलवर मनगटाची खूण पाठीवर गेली, तरी प्रोग्राम चकार शब्द काढत नाही.

लोड करताना प्रोसेस फॉल्स (process=False) द्या, म्हणजे ट्रायमेश आपणहून व्हर्टेक्स जोडत नाही. टेक्स्चरवाल्या ओबीजेला तेवढ्याने भागत नाही. तिथे जागेचा आणि यूव्हीचा (टेक्स्चरच्या चित्रावरच्या जागेचा) इंडेक्स वेगळा असल्याने शिवणीवरच्या एका व्हर्टेक्सचे दोन होतात, म्हणून मेंटेन ऑर्डर ट्रूही (maintain_order=True) द्या. एसटीएल मात्र मधला टप्पा म्हणून वापरूच नका. प्रिंटरला द्यायची असेल तर अगदी शेवटी. ‘ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) उघड आणि परत सेव्ह कर’ असं सांगणारे सीनियर प्रत्येक टीममध्ये असतात. त्यांचं मन राखा, सल्ला मानू नका.

क्रम गेलाच असेल तरी डोक्याला हात लावून बसायचं कारण नाही. व्हर्टेक्सच्या जुन्या जागा हाताशी असतील तर सायपाय या पायथन लायब्ररीतल्या केडी-ट्रीने (जवळचे बिंदू झटपट शोधणारी रचना) सर्वांत जवळचा जुना व्हर्टेक्स शोधून डेटा परत बसवता येतो. फक्त तंतोतंत बरोबरी तपासू नका: बायनरी एसटीएल 32 बिटांचेच आकडे ठेवतो, शेवटचे दशांश हलतात.

एककांचं थोडक्यात. एसटीएलला एकक नसतं, जीएलटीएफ हा थ्रीडी फॉरमॅट मीटर धरतो. 30 मिलिमीटरचा भाग 30 मीटरचा होतो, म्हणून आधी हजाराने भागा.

आणि जीएलबी (जीएलटीएफची बायनरी फाइल) लोड केली की मेशऐवजी सीन, म्हणजे अनेक भाग आणि त्यांच्या जागा, हातात येतो. त्याच्या जॉमेट्रीतून (geometry, भागांची यादी) भाग थेट उचललेत तर कुठला भाग कुठे बसतो ही माहिती मागेच राहते आणि सगळे मूळबिंदूपाशी ढीग होऊन पडतात. ट्रायमेशच्या नव्या आवृत्त्यांत सीनला टू मेश (to_mesh) आहे, ते वापरा.