फॉन्डंट केकवर शिमर डस्ट लावताना या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या होम बेकर्सकडे एकच फर्माईश वाढते: केकला सोन्याची झळाळी हवी. जळगावच्या सराफ बाजारात खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला सोनं कसं दिसतं हे सांगावं लागत नाही, त्यामुळे फिकी किंवा डागाळलेली चमक त्याच्या नजरेतून सुटत नाही. ही झळाळी येते शिमर डस्टने, म्हणजे खाण्याच्या चमकदार बारीक पुडीने. डाग पडले की बहुतेक जणी डस्टला दोष देतात आणि पुढच्या वेळी आणखी महागडी डबी आणतात. डस्ट क्वचितच खराब असते. खरी गडबड असते ती फॉन्डंटच्या, म्हणजे केकवर लाटून चढवायच्या साखरेच्या मऊ पोळीच्या, वरच्या थरात. तो कुठे दमट असतो, कुठे वाळलेला, कुठे कॉर्नफ्लोअर लागलेला.

कूलरसमोर काम करणं

खानदेशातली सगळ्यात मोठी चूक हीच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कूलरशिवाय घरात बसवत नाही. पण कूलर हवा थंड करतो ती ओल्या जाळीतून ओढून, म्हणजे गारव्याबरोबर खोलीत ओलावाही भरतो. फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. ती हवेतलं पाणी ओढून घेते आणि केक चिकट होतो. अशा केकवर ब्रश टेकवला की पहिल्या ठिकाणीच डस्टचा गठ्ठा बसतो आणि पुढे नुसते फराटे उमटतात. मग ते झाकायला आणखी डस्ट लावली जाते आणि फराट्यांचे ढग होतात.

एसी असेल तर प्रश्नच नाही, तो हवेतला ओलावा काढून घेतो. नसेल तर हे काम पहाटे किंवा रात्री उशिरा काढा, कूलर आधीच बंद करून खोलीची दारं-खिडक्या थोडा वेळ उघडी ठेवा. डस्ट लावताना पंखाही बंद हवा. घाम पुसत काम करावं लागतं खरं, पण चालू पंख्याखाली अर्धी डबी फरशीवर जाते आणि बाकीची नाकात. ही पूड अगदी बारीक असते, तेव्हा मास्क लावाच.

कूलर नसला तर उलटं दुखणं. कोरड्या झळांनी लाटलेला फॉन्डंट बघता बघता वाळतो आणि कडांना बारीक सुरकुत्या पडतात. शिमर त्या लपवत नाही, उलट चव्हाट्यावर आणते; डस्ट नेमकी भेगेत जाऊन बसते. म्हणून जेवढा लागेल तेवढाच गोळा बाहेर काढा, बाकीचा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा आणि मळताना हाताला थोडं शॉर्टनिंग (बेकिंगचं घट्ट वनस्पती तूप) लावा. हवेचे फुगे सुईने टोचून स्मूदरने (फॉन्डंट गुळगुळीत करायच्या सपाट पट्टीने) बसवायचे, तेही डस्टच्या आधी.

केक तयार आहे की नाही हे बघायला बोटाची मागची बाजू हलकेच टेकवा. चिकटलं तर थांबा. अगदीच खडखडीत लागलं तर डस्ट धरणार नाही. तिथे शॉर्टनिंगचा पुसटसा हात फिरवा. पुसटसाच, कारण जास्त झालं की तेलकट काळपट डाग दिसतात.

फ्रीजमधून काढला, लगेच ब्रश लावला

थंड केक गरम हवेत आला की त्याला घाम सुटणारच. तो टिपू नका, कापड फिरवू नका. साखर विरघळलेली असते, ठसे राहतात. केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यासकटच बाहेर काढा आणि खोका लगेच उघडू नका, म्हणजे बरंचसं पाणी खोक्यावर जमतं. तरी घाम आला तर केक पंख्याखाली आपोआप वाळू द्या. डस्टची पाळी त्यानंतर.

आतल्या क्रीमचाही हिशेब करा. व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट चढवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण त्या क्रीमचं पाणी फॉन्डंटला आतून भिजवतं आणि सकाळी छान दिसणारी चमक संध्याकाळपर्यंत चट्ट्याचट्ट्यांची होते. खाली गनाश हवं. डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. उन्हाळ्यात चॉकलेट आणखी थोडं वाढवा. स्पंजवर साखरेचं पाणीही हात राखूनच शिंपडा.

पांढऱ्यावर सोनेरी

कोरडी सोनेरी डस्ट पांढऱ्या फॉन्डंटवर लावली की सोनं दिसत नाही, पिवळसर धूळ दिसते. एका साखरपुड्यात नवरीच्या मावशींनी केकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हाई सोनं नई, हयद दिखस." (हे सोनं नाही, हळद दिसते.) मावशींचं बरोबर होतं. शिमरचे कण अर्धपारदर्शक असतात, खालचा रंग वर येतोच. सोनेरीखाली गडद पिवळा किंवा फिका तपकिरी फॉन्डंट घ्या, चंदेरीखाली करडा. पांढरा फक्त मोतिया शिमरला शोभतो.

लाटताना वापरलेलं कॉर्नफ्लोअर मोठ्या मऊ ब्रशने आधी पूर्ण झाडून घ्या. ते राहिलं तर चमक मंद पडते, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पाण्यात कालवणं

काठ, नक्षी, अक्षरं यांसाठी डस्ट ओली करून रंगवतात. पाणी वापरलंत तर खालची साखर विरघळून रंग ओघळतो. पटकन उडून जाणारं द्रव हवं. केक मटेरियलच्या दुकानात रोझ स्पिरिट मिळतं, ते त्यासाठीच. लेमन इसेन्स घेणार असाल तर बाटलीवरचे घटक वाचा. प्रोपिलिन ग्लायकॉल किंवा पाण्यातला इसेन्स वाळतच नाही, केक रात्रभर चिकट राहतो. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे पेटत्या गॅसजवळ वाटी नको.

मिश्रण नेलपॉलिशइतकं दाट असावं. पहिला हात पातळ द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. अर्धवट वाळलेल्यावर ब्रश फिरवला की खालचा थर उचलून येतो. उन्हाळ्यात वाटीतलं मिश्रण बघता बघता आटतं; दोन थेंब स्पिरिट घालून पुन्हा हलवा, फेकू नका. पंप स्प्रे वापरत असाल तर वीतभर तरी लांब धरा, नाहीतर थेंब गळतात.

डबीवरचं न वाचणं

यात मात्र अजिबात सवलत नाही. खाण्याच्या शिमरमध्ये बहुधा अभ्रकाचे कण असतात, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइडचा थर असतो. डबीवर घटकांची यादी, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदत हवीच. 'नॉन-टॉक्सिक' म्हणजे खाण्याजोगं नव्हे. 'फक्त सजावटीसाठी' लिहिलेली पूड खायच्या भागावर चालत नाही, आणि रांगोळीतली किंवा हस्तकलेची चमकी तर मुळीच नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन मुलांना उलट्या झाल्या. केकवरच्या चमकीत तांबं निघालं. सुट्या पुडीत मोजून मिळणारी स्वस्त डस्ट मी तरी घेत नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.

गुलाबी-लाल शिमर घेताना यादीत आयएनएस १२०, म्हणजे कार्माइन, आहे का बघा. ते किड्यांपासून काढतात. फॉन्डंटमध्ये जिलेटिन असू शकतं, तेही प्राण्यांपासूनचं. जैन किंवा शुद्ध शाकाहारी घरची ऑर्डर असेल तर दोन्हींवर हिरवं चिन्ह पाहूनच कामाला लागा.

क्रम चुकणं

पांढरी फुलं चिकटवून झाल्यावर खालच्या मजल्याला सोनेरी ब्रश मारला की फुलांवर सोनेरी धूळ बसते आणि ती पूर्ण निघत नाही. प्रत्येक मजला वेगळा रंगवा, वाळू द्या, मग एकावर एक चढवा. फुलं, मोती, नाव सगळ्यात शेवटी. बोर्ड आधीच बटर पेपरने झाका.

नुसती कोरडी लावलेली डस्ट बोटाला आणि खोक्याच्या झाकणाला लागते. केक भुसावळहून चोपड्याला किंवा शिरपूरला जायचा असेल तर मोठे भाग ओले रंगवलेले बरे. खोका केकपेक्षा चार बोटं उंच घ्या, केक गाडीच्या सपाट भागावर ठेवा, मांडीवर नको. सोबत डस्टची डबी, मऊ ब्रश, थोडं स्पिरिट आणि कानाच्या कापसाच्या काड्या न्या. सांडलेली पूड कोरड्या ब्रशने झाडायची, चिकटलेला ठिपका स्पिरिट लावलेल्या काडीने टिपायचा; काडी घासू नका. पुसट झालेल्या जागी हॉलवर पोचल्यावरच हात द्या, आणि तिथेही कूलर केकवर झोत टाकत नाही ना ते आधी बघा.