मिरजेला निघण्याआधी जुनी फिल्म काढून ठेवा

स्तनातली गाठ किंवा दुसरा काही बदल दाखवायला मिरजेच्या दवाखान्यात निघालात ना? आधार कार्ड, पैसे, पाण्याची बाटली हे काही सांगायला नको. आधी कधी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी झाली असेल तर तिची फिल्म घ्या. नुसता रिपोर्टचा कागद नव्हे, फिल्म. सीडी दिली असेल तर सीडी. माझी कपाटावरच राहिली आणि डॉक्टरांनी विचारलं, "हा डाग जुना की नवा?" कागदावरून कोण सांगणार! जुन्या फिल्मशेजारी नवी धरली की वाढ आहे की नाही ते कळतं. म्हणून आत्ताच उठा, फिल्म पिशवीत टाका, मग पुढचं वाचा.

काय बदललंय ते चिठ्ठीवर लिहा. कोणती बाजू, कधीपासून. ओपीडीत सदरा काढायची वेळ आली की निम्मं विसरतं. स्तनाचं बोंड लहानपणापासून आत असेल तर सहसा काळजी नाही. बाहेरचं बोंड आता आत ओढलं जात असेल तर ते सांगायचंच. स्राव होत असेल तर आपोआप की दाबल्यावर, एकीकडून की दोन्हीकडून, रंग कोणता? दाबल्यावर दोन्हीकडून दुधाळ किंवा हिरवट येणं बहुधा साधं असतं. एकाच बाजूनं आपोआप रक्त किंवा पाण्यासारखं येत असेल तर थांबू नका. ब्लाउजवरचा डाग धुण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आणि "येतंय का बघू" म्हणून रोज दाबू नका, दाबूनच स्राव येत राहतो.

कातडीला खळी पडली, ती संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंडावरची खपली मलमानंही जात नाही, काखेत गाठ लागते, तर लगेच दाखवा. "दुखत नाही, म्हणजे काही नाही" हे डोक्यातून काढा. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. पाळीआधी दोन्ही बाजू जड होऊन दुखतात ते वेगळं. बहुतेक गाठी साध्या निघतात हे खरं, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, शेजारणीनं नव्हे.

पाळीची शेवटची तारीख लिहा. गोळ्यांची पाकिटंच न्या; उलटीच्या किंवा मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही दूध येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर गाठीत सुई घालून तपासायच्या आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. घरात कुणाला कॅन्सर होता का हे विचारताना आत्या आणि वडिलांची आई विसरू नका, हा धोका वडिलांकडूनही येतो.

सांगलीत हळदीला तोटा नाही, पण लेप लावून जाऊ नका, कातडीचा खरा रंग झाकतो. एरंडाचं पान बांधून आठवडे घालवू नका. मॅमोग्राफीच्या दिवशी पावडर, डिओ नको. त्याचे पांढरे ठिपके फिल्मवर उमटतात. हो, फिल्म. घेतली ना?

कपडे वरचे-खालचे वेगळे असू देत. अंगावर पाजणारीला लाली आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा, पाजणं थांबवू नका. पुरुषाच्या छातीत गाठ आली तर त्यानंही दाखवायचं. सुईनं गाठ पसरते म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नका. रिपोर्ट कधी, कोणत्या खिडकीवर, विचारून या.