फ्रीलान्सिंग करताना तब्येत आणि माणसे कशी सांभाळावीत

फ्रीलान्सरची झोप उडाली, पाठ धरली, मित्र दुरावले की त्याला सल्ला मिळतो तो शिस्तीचा. पहाटे उठा, यादी करा, मोबाईल लांब ठेवा. सल्ला खोटा नाही, पण तो शेवटच्या टोकापासून सुरू होतो. रात्री अकरा वाजताही काम चालू असेल, तर त्याचे कारण बहुतेक वेळा महिन्याभरापूर्वी पाठवलेल्या कोटेशनमध्ये सापडते. दर कमी लावला म्हणून कामे जास्त घ्यावी लागली, मुदत सैल ठेवली नाही म्हणून रात्र गेली. तेव्हा सुरुवात हिशेबापासून करा.

१. विकता येणारे तास मोजा

आठवड्याला पाच दिवस धरले तर वर्षाचे २६० दिवस होतात. त्यातून २५ दिवस सुट्टी, १० दिवस आजारपण आणि १५ दिवस घरची कार्ये व अडीअडचणी वजा करा. उरले २१०. दिवसाला एकाग्रतेचे सहा तास धरले तर १,२६० तास. यातला साधारण एक तृतीयांश वेळ कोटेशन, फॉलो-अप, बिले, हिशेब आणि नवे शिकण्यात जातो, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे बिल लावता येतील असे तास उरतात सुमारे ८४०.

आता वर्षाचा घरखर्च, कर, विमा, उपकरणे आणि बचत यांची बेरीज करून तिला ८४० ने भागा. हा तुमचा किमान तासाचा दर. नवखा फ्रीलान्सर नेमके इथेच फसतो. तो नोकरीच्या सवयीने २६० गुणिले ८ म्हणजे २,०८० तासांनी भागतो. असा दर गरजेच्या जेमतेम ४० टक्के भरतो, आणि उरलेली तूट अडीचपट काम करून भरावी लागते. ते तास झोपेतून आणि माणसांच्या वाट्यातूनच येणार, दुसरीकडून येण्यासारखे नसतात.

आकडे स्वतःच्या परिस्थितीनुसार बदला. पण सुट्टी आणि आजारपणाचे रकाने शून्य ठेवू नका.

२. वेळ करारात लिहा

काम लहान असले तरी ईमेलवर पुढच्या गोष्टी लेखी असाव्यात.

- मुदत कॅलेंडरच्या तारखेवर न बांधता साहित्य मिळाल्याच्या दिवसापासून मोजा: ‘सर्व साहित्य मिळाल्यापासून १० कामाचे दिवस’. तारीख पक्की असेल आणि क्लायंटने मजकूर सहा दिवस उशिरा दिला, तर ते सहा दिवस तुमच्या रात्रींतून वसूल होतात.
- दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरा आणि फेरी म्हणजे काय तेही लिहा: सगळ्यांच्या सूचना एकत्र करून, एकाच व्यक्तीने, एकदाच पाठवायच्या. हे नसेल तर चार जण चार दिवस चार वेगवेगळ्या सूचना पाठवतात आणि ‘दोनच फेऱ्या’ कुठे संपल्या ते कळत नाही.
- ४० ते ५० टक्के ॲडव्हान्स, उरलेली रक्कम बिलानंतर १५ दिवसांत.
- उत्तर एका कामाच्या दिवसात मिळेल, हे वाक्य.
- तातडीच्या कामाला दीडपट दर. तो सांगितला की निम्मी तातडी आपोआप ओसरते.

सोमवारी सकाळची मुदत कबूल करू नका. शनिवार-रविवार तुम्ही काम करणार, हे तुम्हीच लिहून दिल्यासारखे होते. मंगळवार दुपार किंवा बुधवार सांगा. क्लायंटला सहसा फरक पडत नाही.

३. आठवडा भरताना जागा सोडा

काम किती वेळ घेईल याचा अंदाज माणूस नेहमीच कमी बांधतो. डॅनियल काहनेमन आणि आमोस त्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असे नाव दिले. यावरचा उपाय कल्पनेवर न विसंबता जुन्या नोंदी बघण्याचा आहे. चार आठवडे प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा, आधी अंदाज आणि मग प्रत्यक्ष लागलेला वेळ. दुसऱ्याला पहिल्याने भागले की तुमचा गुणक मिळतो. तो १.५ आला, तर यापुढे दहा तासांचे वाटणारे काम पंधराचे धरा.

वरच्या हिशेबात २१० दिवस म्हणजे ४२ आठवडे, तेव्हा आठवड्याला बिलाचे साधारण २० तास येतात. त्यातले १६ च आधी कबूल करा. उरलेले चार तास घसरलेली कामे आणि अचानक आलेले फोन खातातच. एखाद्या आठवड्यात ते खरोखर मोकळे राहिले, तर नवे काम शोधायला वापरा.

दिवसाचा शेवट ठरलेला असावा. शेवटची पंधरा मिनिटे उद्याची पहिली पायरी लिहून ठेवायला द्या, अर्धवट फाइल कुठवर आली ते एका ओळीत टिपा आणि कामाची नोटिफिकेशन बंद करा. रात्री ईमेल लिहिलाच तर तो सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवा. रात्री साडेदहाला एकदा उत्तर दिले की क्लायंट ती तुमची वेळ समजू लागतो, आणि यात त्याची चूक म्हणता येत नाही.

४. शरीराचा वाटा

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक दिसला. म्हणून एकूण तासांवर, बिनपैशाचे धरून, मर्यादा ठेवा.

व्यायामासाठी प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच वेळा तीस मिनिटे भरभर चालले की पहिला भाग पूर्ण होतो. तो कामाआधी ठेवा. संध्याकाळचा व्यायाम लांबलेल्या कामाखाली सर्वात आधी चिरडला जातो.

लॅपटॉप तसाच टेबलावर ठेवून काम केले की मान वाकतेच, कारण कीबोर्ड योग्य उंचीवर असेल तेव्हा स्क्रीन खाली राहते. वेगळा कीबोर्ड व माउस घ्या आणि लॅपटॉप उंच करा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, कोपर काटकोनात, तळवे जमिनीला टेकलेले. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा: स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात.

झोप किमान सात तास. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळच्या कॉफीचा हिशेब रात्री चुकता होतो.

५. माणसांसाठी ठरलेली वेळ

‘भेटू कधीतरी’ फ्रीलान्सरच्या आयुष्यात टिकत नाही, कारण ज्याची तारीख नाही ते काम मागेच पडते. ‘दर गुरुवारी साडेसात’ टिकते. त्याहून भक्कम म्हणजे जिथे तुम्ही न आल्याचे लोकांच्या लक्षात येते अशी जागा: नाटकाची तालीम, गाण्याचा वर्ग, खेळाचा संघ. कामाचा आठवडा अंगावर आला तर भेट रद्द करण्याऐवजी छोटी करा. दोन तासांऐवजी वीस मिनिटे चालता-चालता फोन चालतो.

घरच्यांशी उलटी अडचण असते. ‘तू घरीच असतोस ना’ म्हणत बँकेची, दुरुस्तीवाल्याची, पार्सलची कामे तुमच्याकडे येतात. रोजच्या कामाच्या वेळा घरात सांगा आणि या कामांसाठी आठवड्यातला एक ठरावीक अर्धा दिवस द्या. नुसता नकार फार दिवस चालत नाही.

एकाच व्यवसायातले तीन-चार जण महिन्यातून एकदा भेटत राहिले तर एकटेपणा कमी होतोच, शिवाय आजारपणात काम सोपवायला कोणीतरी असते. अर्थात करारात काम दुसऱ्याला द्यायला मनाई नाही ना, ते आधी पाहा. तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर ताप असताना स्क्रीनसमोर बसावे लागत नाही.

६. तीन महिन्यांनी नोंदी उघडा

प्रत्येक क्लायंटकडून मिळालेली रक्कम त्याच्यावर गेलेल्या सर्व तासांनी भागा, फोन आणि पैशांसाठी केलेले फॉलो-अप धरून. यादीत तळाला कोण आहे ते पाहा. तो बऱ्याचदा सर्वात मोठे बिल देणारा निघतो. त्याला महिनाभर आधी नवा दर कळवा: ‘पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून माझा दर अमुक असेल, सुरू असलेली कामे जुन्याच दराने पूर्ण करेन.’ कारणे देत बसू नका. त्याने मान्य केले तर तेवढ्याच पैशांसाठी कमी तास लागतील. नाही केले तर मोकळ्या झालेल्या तासांत लगेच दुसरे काम भरण्याआधी, कोणती झोप आणि कोणता गुरुवार बुडत होता ते कॅलेंडरवर परत लावा.