एडेल ते होप: पब गाठत पहिली भटकंती कशी आखावी

गडावर जायचं ठरलं की आपण आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात फोन करतो: "काका, आठ जण आहोत, पिठलं-भाकरी करून ठेवा." इंग्लंडच्या खेड्यांतून या पबापासून त्या पबापर्यंत चालायचं असेल तरी सुरुवात तिथूनच करायची. आधी जेवणाची वेळ, मग वाट. आम्ही पहिल्या खेपेला नेमकं उलटं केलं. दोन चाळीसला चिखलाने माखून एका पबात शिरलो, तर स्वयंपाकघर दहा मिनिटांपूर्वी बंद झालेलं. चौघांनी क्रिस्प्सचे, म्हणजे बटाटा वेफर्सचे पुडे खाऊन दिवस काढला.

वाट निवडा

नवख्यांना मी एकच वाट सुचवतो: पीक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडमधल्या डोंगराळ भागातलं एडेल, तिथून डोंगर ओलांडून कॅसलटन आणि पुढे होप. मँचेस्टर-शेफील्ड रेल्वेमार्गावर एडेल आणि होप ही दोन्ही स्टेशनं आहेत. एकीकडे उतरायचं, दुसरीकडून गाडी पकडायची. मोटार आणूच नका, म्हणजे "आज कोण पिणार नाही?" हा वादही नको.

अंतर साधारण १२ किलोमीटर, चढ जवळपास ३०० मीटर. चालायला किती वेळ लागेल याचा नेस्मिथ या गिर्यारोहकाचा जुना हिशेब असा: ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे इथे तीन तास. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा. फोटो काढणारे, बूट सोडून मोजे झटकणारे मित्र सोबत असतील तर साडेचार तास धरा.

घड्याळ मागून पुढे मांडा

बऱ्याच गावांत दुपारचं जेवण दोन-अडीचला आटोपतं. रविवारी रोस्टसाठी, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी गर्दी उसळते. म्हणून कॅसलटनमध्ये एक वाजताचं टेबल फोन करून राखून ठेवा आणि स्वयंपाकघर कधी बंद होतं तेही त्याच फोनवर विचारा. एडेलहून दहाला निघालात की पोहोचता. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं; पहिली फेरी मे ते सप्टेंबर या काळात करा.

सामान

जुने, पायाला सरावलेले बूट. नवे बूट घालून येणारा मित्र तिसऱ्या किलोमीटरला गप्प होतो. सह्याद्रीत पावसात भिजायची मजा असते, इथला पाऊस वाऱ्यासोबत हाडात शिरतो. वॉटरप्रूफ जॅकेट जूनमध्येही हवं. जीन्स नको, ओली झाली की सुकत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल १ हा कागदी नकाशा घ्या, कारण या दरीत मोबाइलच्या रेंजवर भिस्त ठेवता येत नाही. नकाशावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे लोकांना चालायचा हक्क असलेल्या वाटा आणि निळा बिअरचा मग म्हणजे पब.

चालताना

एडेलच्या वरच्या टोकाला ओल्ड नॅग्ज हेड हा पब आहे. १९६५ साली सुरू झालेली, ४३१ किलोमीटरची पेनाइन वे ही वाट इथूनच निघते. पब पाहून या, पण चढाआधी पिऊ नका. आणि एक सावधगिरी: डोंगरापलीकडे कॅसलटनमध्येही नॅग्ज हेड नावाचा पब आहे. "चुकलो तर नॅग्ज हेडला भेटू" असं ठरवलंत तर अर्धे मित्र इकडे, अर्धे तिकडे.

शेतांमधून चढत हॉलिन्स क्रॉसची खिंड गाठायची. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा लोक याच खिंडीतून शवपेट्या कॅसलटनला नेत. तिथून उजवीकडे, कण्यावरून फरसबंदी वाट ५१७ मीटर उंचीच्या मॅम टॉर या डोंगरमाथ्यावर जाते. वारा फार असेल तर माथा सोडून थेट खाली उतरा, त्यात कमीपणा नाही. सगळं ठीक असेल तर माथ्यावर जाऊन खिंडीत परत या आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगाने कॅसलटनला उतरा.

फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत सोडा. मेंढ्यांजवळ कुत्रा दोरीला बांधलेला हवा. वासरं सोबत असलेल्या गाईंना मात्र लांबून वळसा घाला. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या गाईंसारख्या समजून गोंजारायला जाऊ नका. कुणाला लागलं तर ९९९ वर पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक मागायचं.

पबात शिरल्यावर

बूट चिखलाचे असतील तर दारात काढा. मोज्यांवर बसलेली माणसं इथे नेहमीची. बहुतेक पबांत वेटर टेबलापाशी येत नाही, बारवर जाऊन मागायचं आणि बहुधा तिथेच पैसे द्यायचे. पैशांची रीत म्हणजे राउंड: एकजण सगळ्यांची पेयं आणतो, पुढच्या वेळी दुसरा. आपल्याकडची "बिल मीच देणार" ही झटापट इथे करू नका, फक्त आपली पाळी चुकवू नका. चौघांत चार राउंड मात्र झेपत नाहीत. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. दुपारी अर्धाच घ्या, अजून चालायचं आहे. न पिणाऱ्याने लाइम अँड सोडा मागावा, कुणी काही म्हणत नाही.

शाकाहारी असाल तर ग्रेव्ही कशाची आहे ते विचारा, बऱ्याचदा बीफची असते. चीज-कांद्याचा 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) किंवा भाजलेला बटाटा बऱ्याच ठिकाणी मिळतो.

शेवटचा टप्पा

कॅसलटनहून ओढ्याकाठच्या शेतांतून पाऊण तासात होप. इथे चर्चसमोर ओल्ड हॉल हा पब आहे, दिवसाचा पूर्ण पाइंट तिथे घ्या. फक्त ध्यानात ठेवा, होपचं स्टेशन गावात नाही, किलोमीटरभर पुढे आहे. गाडीच्या अर्धा तास आधी ग्लास खाली ठेवून उठा, नाहीतर पुढच्या गाडीसाठी थंड फलाटावर तासभर बसावं लागेल.