वणवा विझल्यापासून मृगापर्यंत : जळलेल्या डोंगरावरचा नाला वाचवायचा कसा

मार्च-एप्रिलमध्ये डोंगर जळाला की पहिल्या पावसाला जेमतेम दोन-अडीच महिने उरतात. जे काही करायचं ते तेवढ्यात. पारशिवनी तालुक्यातल्या आमच्या गावचा नाला डोंगरावरून उतरून पेंच नदीला मिळतो आणि पेंच पुढे कन्हानला. नागपूर शहर याच दोन नद्यांचं पाणी पितं. मी गावातल्या बचत गटाची अध्यक्ष, आणि लहानपणापासून याच डोंगरावर मोहफुलं वेचत आले आहे. इतर गावांना उपयोगी पडावं म्हणून आमची रीत लिहून ठेवते.

वणवा विझल्यावर आठवड्याच्या आत बैठक घ्या. आणि माझी हात जोडून विनंती आहे, त्या बैठकीत ‘आग कोणी लावली’ हा प्रश्न काढू नका. चौकशी वनखातं करतं, त्यासाठी १९२७ चा वन अधिनियम आहे. ग्रामसभेत एकदा कोणाकडे बोट दाखवलं की मोह वेचणारी घरं आणि गायकी, म्हणजे गावची गुरं राखणारे, दुसऱ्या बैठकीला येत नाहीत. पाणी कुठून उतरतं, कुठे माती सैल आहे, कोणता झिरा उन्हाळ्यात टिकतो, हे सारं त्यांनाच पाठ असतं. त्यांच्याशिवाय हे काम होत नाही.

वनरक्षक, संयुक्त वन व्यवस्थापन समिती, ग्रामरोजगार सेवक, शाळेचे गुरुजी आणि नाल्याच्या खालच्या अंगाला असलेलं गाव, इतक्यांना निरोप गेलाच पाहिजे. खालचं गाव लोक विसरतात. राख आणि गाळ पहिल्यांदा त्यांच्याच विहिरीशेजारून वाहणार असतो, म्हणून ते मनापासून येतात. वनजमिनीवरचा दगड हलवायलाही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी लागते, तेव्हा ठराव करून अर्ज लगेच द्या. तुमच्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर जंगल राखण्याचा आणि पुन्हा उभं करण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे. तरीही खात्याला सोबत घ्या. चर-बांधांची मजुरी रोजगार हमीतून निघू शकते, पण त्याचं अंदाजपत्रक मंजूर व्हायला वेळ जातो.

मग सगळ्यांनी मिळून डोंगर पायी बघायचा, माथ्यावरून पायथ्याकडे. सकाळी उजाडल्यावर निघा, दहाच्या आत परत या. घोळक्याने चाला, वनरक्षक सोबत हवाच. पेंचच्या आसपासचं जंगल वाघ-अस्वलाचं आहे आणि मोहाच्या दिवसांत अस्वल हमखास भेटतं. आपल्याकडची आग बहुतेक जमिनीलगत पळते. पालापाचोळा आणि गवत जळतं, साग, ऐन, धावडा काळे होऊन उभे राहतात. जिथे राख काळी आहे, अर्धवट जळालेली पानं दिसतात, तिथे आग हलकी होती. जिथे राख पांढरी पडली आहे, तिथे ती फार तापली. अशा ठिकाणी राख बाजूला सारून मातीवर पेलाभर पाणी ओता. पाणी थेंबाथेंबाने वरच बसून राहिलं तर माती पाणी घेईनाशी झाली आहे. त्या जागा कागदावर खुणा करून ठेवा, पहिलं काम तिथे.

काळी पडलेली झाडं तोडू नका. सालीला नखाने खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. साग, तेंदू, पळस बुंध्यातून आणि मुळांतून पुन्हा फुटतात. जी खरंच मेली, तीही उभी किंवा आडवी माती धरतातच.

पांढऱ्या राखेच्या उतारावर सगळ्यात जास्त उपयोग होतो तो तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा. रामटेक-पारशिवनीकडे धान होतं, तणस प्रत्येक गावात सापडतं. माती झाकली जाईल इतपत पातळ पसरायचं, खालून माती थोडी दिसली तरी चालेल. जाड थर घातला तर खालचं गवत उगवत नाही. मात्र एप्रिलमध्ये पसरू नका. वाऱ्याने उडेल, नाहीतर पुन्हा पेट घेईल. रोहिणी संपता संपता, मृगाच्या तोंडावर पसरायचं. तोवर तणस गावातच ठेवा, ढोरांपासून राखून.

चर काढायचे असतील तर समपातळी रेषा, म्हणजे उतारावर एकाच उंचीने जाणारी रेषा, नीट हवी. तिरपा चर पाणी अडवण्याऐवजी एका टोकाला लोटतो आणि तिथे घळ पडते. बांबूच्या तीन काठ्यांची ए-फ्रेम बनवा. दोन पाय, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीने लोंबता दगड. दोन्ही पाय जिथे टेकले तिथे खुणा करा, दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे रेघ मारा. आता पायांची अदलाबदल करून फ्रेम त्याच खुणांवर ठेवा, पुन्हा रेघ मारा. दोरी दोन रेघांच्या मधोमध आली की दोन्ही पाय समपातळीवर आहेत. हे काम आमच्याकडे गटातल्या बायकाच करतात, आणि फार काटेकोर करतात. चर सलग ओढत नेऊ नका. झाडाची मुळं आली की थांबा, पलीकडून पुन्हा सुरू करा. दोन फूट रुंद, एक फूट खोल पुरे. खडक वर आलेला असेल तर चराचा नाद सोडा, समपातळीवर दगडांच्या ओळी लावा.

लहान घळींत अनघड दगडी बांध घाला. उंची कमरेच्या खालीच. मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खोलगट ठेवा, नाहीतर पाणी कडेने फोडून निघतं. टोकं काठात घुसवा, मोठे दगड खालच्या अंगाला. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीला आला की अंतर बरोबर बसलं. दगड सुटे पडलेलेच घ्या. उतारात रुतलेला दगड सब्बलने उपटला तर तिथूनच माती सुटते.

नागपूरहून मदतीला येणाऱ्यांना मी मनापासून बोलावते, पण रोपं घेऊन येऊ नका असंही सांगते. पहिल्या वर्षी डोंगर आपणहून फुटतो, त्याला फुटू द्यावं. मे महिन्यात दगड उचलायला या, जूनमध्ये तणस पसरायला या. पावसाळ्यात कुठे काहीच उगवलं नाही ते बघून मगच मारवेल-पवन्यासारखं इथलंच गवत पेरायचं. त्या पट्ट्यात निदान दोन पावसाळे चराई बंद हवी. यात गायकींचं नुकसान आहे, ते गावाने उचलायला हवं : चाऱ्यासाठी दुसरी जागा ठरवून द्या, कापलेल्या गवतावर त्यांचा पहिला हक्क ठेवा.

काम लागू पडलं का, हे शाळेतली मुलं सांगू शकतात. प्रत्येक मोठ्या पावसानंतर नाल्याच्या पुलाजवळ, पूर ओसरल्यावर, काचेची बाटली भरायची, तारीख लिहायची, दुसऱ्या दिवशी तळाचा गाळ पट्टीने मोजायचा. पाऊस मागून पाऊस गाळ कमी होत गेला पाहिजे. एकदम वाढला तर वर कुठेतरी बांध फुटला आहे, त्याच दिवशी जाऊन बघा.

पुढच्या वर्षीची तयारी दिवाळीनंतर लगेच. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून पाला-गवत काढून मोकळे केलेले पट्टे, त्याआधी काढून झाल्या पाहिजेत. मोहाखालचा पाला फुलं दिसावीत म्हणून जाळतात. हे कष्ट मला माहीत आहेत, भल्या पहाटे वाकून वाकून वेचावं लागतं. म्हणून झाडाखाली जाळी बांधायची. फूल जाळीत पडतं, माती लागत नाही, भावही बरा मिळतो. पण जाळ्या जानेवारीतच घरोघर पोचायला हव्यात, त्यासाठी बचत गटाचा ठराव आणि खात्याकडे मागणी डिसेंबरच्या बैठकीत करा. कोणाच्या घरी किती मोहाची झाडं आहेत, ती यादी मात्र आजच बनवायला घ्या.