बेळगाव भागात दारू सोडायला मदत करणारा ग्रुप कसा शोधायचा आणि पहिल्या मीटिंगला कसं जायचं

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात दारू सुटावी म्हणून माणसं काय काय करतात, कुणी तुळशीची माळ घालतं, कुणी देवापुढं शपथ घेतं, कुणी कुठनं तरी औषध आणतं. माळ घालून कायमची सुटलेली माणसं मी बघितलीत, त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण शपथ मोडली की माणूस तोंड लपवून एकटा पडतो आणि मग आणखी पितो, अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे लिहितोय.

पहिलं म्हणजे "आधी सोडतो, मग ग्रुपला जातो" हे डोक्यातनं काढा. ग्रुप हा पिणाऱ्यासाठीच आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे सगळे ए.ए. म्हणतात ते, 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही दारूत बुडालेले, यांच्या भेटीतनं सुरू झालं, भारतात 1957 पासून आहे, आणि आत यायची अट अजून एकच आहे, दारू सोडायची इच्छा पाहिजे. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही.

पण रोज सकाळपासून लागणारा माणूस असेल तर आधी डॉक्टर, हे मी हात जोडून सांगतोय. एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम येतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांनी भलतंसलतं दिसायला लागतं, बडबड सुरू होते, आणि यात जीव जाऊ शकतो. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसोपचार रुग्णालयात दाखवा, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर कुठल्या दिवशी येतात ते विचारा. आणि जेवणात चोरून दारू सोडवायची गोळी घालायची असेल तर नकोच, त्यातल्या काही औषधांवर माणूस प्यायला तर बीपी उतरतं, हार्टवर येतं.

आता शोधायचं कसं. ए.ए. इंडियाच्या वेबसाईटवर गावाप्रमाणं मीटिंग आणि फोन नंबर मिळतात. फोन उचलणारा स्वतः दारू सोडलेला माणूस असतो, त्यामुळं लाजायचं काही नाही, सरळ विचारा: मीटिंग मराठीत असते का कन्नडमध्ये, कुठल्या वारी किती वाजता, जागा नेमकी कुठं, आणि ओपन आहे का क्लोज्ड. ओपन म्हणजे घरचं माणूस सोबत आलं तरी चालतं, क्लोज्ड म्हणजे फक्त पिण्याचा त्रास असलेले. खेड्यातनं येणार असाल तर परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा, नाहीतर मीटिंग संपायच्या आधीच उठायला लागतं. निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूर बाजूचं पण विचारावं. जवळ काहीच नसेल तर मराठीतनं ऑनलाईन मीटिंग असतात, मोबाईलवर कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

दुसरा रस्ता धर्मस्थळच्या संस्थेचा. त्यांची मद्यवर्जन शिबिरं कर्नाटकात गावोगाव होतात, आठेक दिवस तिथंच राहायचं, आणि नंतर सोडलेल्यांची नवजीवन समिती असते, ती भेटत राहते. बोलणं बहुतेक कन्नडमध्ये, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते कळतं की. काहीच सुचत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, मन फारच खचलं असेल तर 14416, दोन्हीला पैसे लागत नाहीत.

मीटिंगला गेल्यावर काय होतं? शाळेची खोली किंवा चर्चचा हॉल, गोल नाहीतर ओळीनं मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणीतरी चहाचा कप हातात देतं. मग एकेक जण "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक" म्हणून स्वतःचं सांगतो, पगार कसा गुत्त्यात गेला, पोरगी कशी बोलायची बंद झाली. मधे कुणी बोलत नाही, कुणी उपदेश करत नाही. तुमची पाळी आली आणि बोलायचं नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, झालं. पेटी फिरते, तिच्यात दहा-वीस टाकले तरी चालतात, नाही टाकले तरी चालतात. शेवटी उभं राहून छोटी प्रार्थना, धर्माची सक्ती नाही. थोडी घेऊन आलात तरी हाकलत नाहीत, फक्त गप बसून ऐका म्हणतात.

"ओळखीचं कुणी भेटलं तर?" हा आपल्याकडचा खरा अडसर, कारण वडगाव-शहापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात. तो ओळखीचा माणूस पण त्याच कारणासाठी आलेला असतो बघा, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही हा नियम तिथं मनापासून पाळतात. तरी जमत नसेल तर सुरुवातीला दुसऱ्या गावच्या मीटिंगला जा.

एका मीटिंगवरनं मत बनवू नका, निदान पाच-सहा वेळा जा आणि उठताना दोघा-तिघांचे नंबर घ्या. पुढं त्यातलाच एखादा जुना माणूस स्पॉन्सर, म्हणजे सोबत राहून वाट दाखवणारा, म्हणून धरता येतो. मीटिंगपेक्षा मला हे नंबर मोठे वाटतात, कारण तलफ रात्री साडेनवाला येते, मीटिंगच्या वेळेला नाही.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा वेगळा ग्रुप आहे, नवरा जायला तयार नसला तरी वहिनींनी एकटीनं जावं, तिथं त्याला कसं सुधारायचं यापेक्षा तुम्ही कसं सावरायचं यावर बोलणं होतं.

आणि गावची लक्ष्मीची यात्रा, भावकीतलं लग्न, शनिवारचा पगार, हे दिवस आधीच ग्रुपमध्ये सांगून ठेवा. पाहुणे मटणावर बसले की ग्लास पुढं येणारच, तेव्हा काय बोलून उठायचं आणि कुणाला फोन लावायचा हे आदल्या मीटिंगलाच ठरवा. एवढं करून घेतलीच तर सकाळी त्याच माणसाला फोन करा आणि त्याच आठवड्याच्या मीटिंगला जाऊन बसा, तिथल्या बऱ्याच जणांची अशी स्लिप झालेली असते, ते खुर्ची सरकवून जागा देतात.